राडारोड्याची ट्रॉली आणि रुग्णालयाचा कचरा

अहवाल वर्षात जुन्या बाह्यरुग्ण विभागाचे नूतनीकरण हाती घेण्यात आले. त्या काळात आवारात ट्रॅक्टरची ट्रॉली दिवसेंदिवस का उभी असते, अशी विचारणा अनेक नातेवाइकांनी केली. त्याविषयी थोडे निवेदन करीत आहोत.

मोठ्या शहरांत बांधकामाचा राडारोडा नेण्यासाठी लोखंडी कंटेनर भाड्याने मिळतात. धाराशिव जिल्ह्यात हे काम बहुधा ट्रॉलीच करते आणि भाडे खेपेवर ठरते. भाडे ठरवितानाच माल कोठे रिता होणार, हे आम्ही लिहून घेतले. अन्यथा तो रात्री एखाद्या ओढ्यात जातो.

विटांचा राडारोडा दिसतो त्याहून फार जड असतो. एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट, सुमारे साडेतीन ते चार टन भरतो. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप अनुभवलेल्या सास्तूर परिसरातील मंडळींना दगडमातीचे वजन आम्ही काय सांगावे! म्हणून ट्रॉली काठाच्या खालपर्यंतच भरली, चाकांखाली दगड लावले, वर ताडपत्री बांधली आणि रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवली. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे मात्र न फोडता, ओले करून अखंड उतरविले व वेगळे ठेवले. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसांस घातक असतात.

एवढी काळजी घेऊनही एक चूक आमच्याकडून घडली, ती नमूद करणे आवश्यक वाटते. उघडी ट्रॉली दिसताच कोणीतरी वॉर्डातील कचऱ्याची पिशवी तीत टाकली. त्यातील सुई एका मजुराच्या चपलेतून पायात शिरली. जखम तत्काळ साबण-पाण्याने धुतली, दोन तासांच्या आत एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषधे सुरू केली आणि कावीळ-बची लसही दिली. औषधे 28 दिवस चालली. नंतरच्या तपासण्या निर्दोष आल्या. पण त्या कुटुंबाचे ते दिवस कसे गेले असतील, याची आम्हांस जाणीव आहे.

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम प्रथम 1998 मध्ये व नव्याने 2016 मध्ये आले. त्यांनुसार सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत आणि औषधांच्या काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात जातात. प्रक्रियेविना हा कचरा 48 तासांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. राडारोड्यात तो मिसळला की सारी खेपच धोकादायक ठरते.

त्यानंतर ट्रॉलीभोवती पत्र्याचे कुंपण घातले व पहारेकरी नेमला. साबूत विटा निवडून नातेवाइकांच्या निवाऱ्याच्या ओट्यासाठी वापरल्या. त्यामुळे काही खेपांचे भाडेही वाचले.