पहिलीची तयारी कशाला म्हणायचं?

चार वर्षांच्या मुलासाठी शहरात आज अबॅकस, फोनिक्स, हस्ताक्षर असे कितीतरी क्लास आहेत. पहिलीत आपलं मूल मागे पडेल, ही पालकांची धास्ती त्यांना पुरेशी गिऱ्हाइकं मिळवून देते. पण पहिलीत जाण्यासाठी मुलाला नेमकं काय यायला हवं?

याचं उत्तर जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पाहायला मिळतं. ‘पहिले पाऊल’ या अभियानात २०२२ साली राज्यभर शाळापूर्व तयारी मेळावे भरले. नोंदणी आणि पालकांचं मार्गदर्शन सोडलं, तर उरलेले पाच स्टॉल शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक आणि भाषा विकासाचे व गणनपूर्व तयारीचे. उड्या मारणं, कागदाची घडी घालणं, वस्तूंचे गट लावणं, चित्र पाहून बोलणं अशा तिथल्या कृती. उरलेली तयारी घरी करून घ्यायला गावोगावी मातांचे गट केले गेले.

या साध्या कृतींमागे शास्त्र आहे. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘पाच शेंगा दे’ म्हटलं, की ते कधीकधी मूठभर देतं. त्याचं पाठांतर झालेलं असतं, मोजणं नाही. या वयात मनगटाची हाडं पुरती तयार झालेली नसतात. म्हणून पेन्सिल गिरवण्याआधी कणीक मळणं, मटार सोलणं, बटणं लावणं यांतून हाताला वळण लागतं. वाचायला शिकण्याआधी कानाला शब्दांतले आवाज वेगळे ऐकू यावे लागतात. ते काम शब्दांच्या भेंड्या छान करतात. शिवाय आपली पाळी येईपर्यंत थांबणं, शू लागली हे बाईंना सांगणं, डबा स्वतः उघडून खाणं हेही शिकणंच आहे.

महाराष्ट्राला हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बिया, पानं, शिंपले हीच शैक्षणिक साधनं मानली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्यात खेळावरच भर दिला आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घ्यायला तर २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाईच केली आहे.

नाच, गाणं, पोहणं मुलाला आवडत असेल तर जरूर शिकवा. मात्र त्यापायी त्याची झोप, मोकळा खेळ आणि घरातल्यांशी गप्पा कमी होत असतील, तर तो क्लास बंद करा.