उडालं, पुढे काय?

फेब्रुवारी २०१६मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला होता. बड्या कंपन्यांच्या त्या जत्रेत एक सहा आसनी विमान लोकांना खेचून घेत होते. ते कुठल्या कारखान्यात नव्हे, तर कांदिवलीच्या चारकोपमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर तयार झाले होते. बांधणारे कॅप्टन अमोल यादव मूळचे साताऱ्याकडचे आणि तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. सामान जिन्याने वर गेले आणि विमान क्रेनने खाली आले. कोकणातल्या आमच्या लांज्यातल्या कितीतरी घरांतली माणसे चारकोप-कांदिवलीच्या पट्ट्यात राहतात. त्यामुळे 'आमच्या बाजूच्या बिल्डिंगवर विमान केलंय' ही बातमी इकडे वर्तमानपत्राआधी पोचली असती तरी नवल नव्हते.

पण त्या विमानाच्या तारखा ओळीने लावून पाहिल्या, की वेगळीच गोष्ट दिसते. नोंदणीसाठी अर्ज २०११मध्ये झाला आणि नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७मध्ये. शेपटीवर व्हीटी-एनएमडी ही अक्षरे आली. त्यांतली शेवटची तीन यादवांनी पंतप्रधान आणि तेव्हाचे मुख्यमंत्री यांच्या नावांवरून मागून घेतली. उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९मध्ये मिळाला. धुळ्याच्या धावपट्टीवरून विमान हवेत गेले ते ऑगस्ट २०२०मध्ये. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१८मध्ये, राज्य सरकारने यादवांच्या कंपनीशी ३५ हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करारही केला होता. म्हणजे एक चक्कर मारायच्या आत कारखान्याचे आकडे ठरले! मला यात यादवांपेक्षा आपल्या सर्वांचाच स्वभाव दिसतो. बांधले म्हणजे झाले, उडाले म्हणजे तर फत्तेच, असे आपण धरून चालतो. विमानाच्या बाबतीत खरे काम पहिल्या उड्डाणानंतर सुरू होते, आणि त्या कामाचे फोटो कोणी काढत नाही.

राइट बंधूंचेच पाहा. १७ डिसेंबर १९०३ ही तारीख शाळेत पाठ करून घेतात. त्या दिवशीचे सर्वांत लांबचे उड्डाण ५९ सेकंदांचे होते, अंतर जेमतेम २६० मीटर. यंत्र सतत वर-खाली डुचमळत होते. पुढची दोन वर्षे दोघे भाऊ ओहायोतल्या हफमन प्रेअरी नावाच्या कुरणावर जवळजवळ अज्ञातवासात घालवतात. १९०४मध्ये त्यांनी इंजिन आणि टाक्या मागे सरकवून पाहिल्या, तर डुचमळणे वाढले. मग नाकाकडे सुमारे ३२ किलो लोखंड बांधले, तेव्हा जरा बरे वाटले. जुलै १९०५मध्ये विमान नाकावर आपटल्यावर त्यांनी नाक वर-खाली करणारी पुढची फळी, म्हणजे एलेव्हेटर, मोठा केला आणि आणखी पुढे नेऊन बसवला. त्यानंतर ५ ऑक्टोबर १९०५ रोजी तेच विमान एका दमात ३९ मिनिटे उडाले आणि ३९ किलोमीटर फिरले. विमानाचा जन्म नेमका कधीचा, असे मला विचाराल तर मी ही दुसरी तारीख सांगेन.

आज घरी बांधलेल्या विमानाची सुरुवात वजनकाट्यापासून होते. तिन्ही चाकांखाली तीन काटे ठेवायचे, विमान उड्डाणाच्या पातळीत उभे करायचे आणि प्रत्येक चाकावर किती भार येतो ते लिहायचे. त्यावरून गुरुत्वमध्य काढतात. नवी होडी पाण्यात सोडल्यावर नाखवा ती नाळेकडे बसते की वऱ्हाकडे झुकते हे आधी बघतो, तसाच हा हिशेब. फरक एवढाच, की तो हवेत जाण्याआधी कागदावर संपवावा लागतो. गुरुत्वमध्य फार पुढे असेल तर उतरताना नाक उचलत नाही. फार मागे असेल तर विमान चंचल होते, आणि एकदा गिरकीत सापडले की त्यातून बाहेर काढणे अशक्य होऊ शकते. रंगाचा एक जादा हात किंवा शेपटीतली जड बॅटरी एवढ्यानेही हा बिंदू सरकतो. म्हणून वजन रंगकाम आटोपल्यावर करायचे असते.

मग इंधन. नाक वर असताना, म्हणजे चढाईच्या कोनात, इंजिनाला पुरेसे पेट्रोल पोचते का हे जमिनीवरच मोजतात. चाकाखाली खड्डा करून किंवा उतार बांधून विमान तिरके उभे करायचे, नळी सोडवून बादलीत धार धरायची, हातात घड्याळ. टाकी वर असून इंधन आपोआप खाली येत असेल तर पूर्ण ताकदीच्या गरजेच्या दीडपट धार हवी आणि पंप असेल तर सव्वापट, असा संकेत आहे. हे फार किरकोळ वाटते. पण नव्या घरगुती विमानांच्या अपघातांत इंजिन बंद पडणे आणि ताबा सुटणे हीच दोन कारणे पुन्हा पुन्हा पुढे येतात, आणि इंजिन बंद पडते तेव्हा ते पुष्कळदा बिघडलेले नसते, उपाशी असते.

अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या समुद्रात कोसळला तो अशाच विमानात. ते त्याने नुकतेच दुसऱ्याकडून विकत घेतले होते. टाकी बदलण्याची चावी आराखड्यातल्या जागी नव्हती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिथे हात न्यायला अंग वळवावे लागे आणि अंग वळवताना उजवा पाय रडरच्या, म्हणजे सुकाणूच्या, पॅडलवर दाबला जाई. विमान जवळजवळ निर्दोष होते. चावीची जागा चुकली होती.

जमिनीवर पळवण्याच्या चाचण्या, म्हणजे टॅक्सी, त्यानंतर येतात. आधी माणसाच्या चालीने, मग हळूहळू वेग वाढवत. ब्रेक एका बाजूला ओढतात का, शेपूट केव्हा हलकी होते, थांबायला किती धावपट्टी लागते. गंमत अशी, की अनुभवी माणसे वेगवान टॅक्सीला पहिल्या उड्डाणाइतकेच भितात. त्या वेगात एक वाऱ्याची झुळूक पुरते. विमान तयारीशिवाय उचलले जाते आणि पुढे धावपट्टी संपत आलेली असते.

पहिल्या उड्डाणाला जागा कोणती? यादवांचे विमान धुळ्याला गेले याचे एक कारण समजणे सोपे आहे. मुंबईच्या प्रवासी विमानांच्या रांगेत कोणी हौशी यंत्राला घुसू देणार नाही, आणि धुळ्याच्या धावपट्टीभोवती मोकळी, सपाट जमीन आहे. इंजिन बंद पडले तर समोर उतरायला काही तरी असावे लागते. लांजा तालुक्याचा नकाशा या नजरेने पाहिला की छातीत धस्स होते: काजूच्या बागा, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, खाली मुचकुंदीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या दऱ्या आणि वर धारदार जांभ्याचा कातळ. सडे लांबून सपाट वाटतात, पण तिथे चाक टेकवले तर ते टिकायचे नाही. सर्वांत जवळची धावपट्टी रत्नागिरीची, आणि ती तटरक्षक दलाकडे.

धुळ्याचेही एक दुखणे आहे, ते म्हणजे उन्हाळा. पंख आणि इंजिन दोघांना दाट हवा लागते. समुद्रसपाटीपासून अडीचशे-पावणेतीनशे मीटरवरच्या गावात पारा ४० अंशांवर गेला, की विमानाला जणू आपण बाराशे मीटर उंचीवरून उडतोय असे वाटते. धाव लांबते, चढ मंदावतो.

पहिले उड्डाण कंटाळवाणे व्हावे, अशीच सर्वांची इच्छा असते. वैमानिक सहसा एकटाच, चाके आत घेता येत असली तरी ती खालीच. अमेरिकेत आता ठरावीक अटींवर बरोबर दुसरा पात्र वैमानिक नेण्याची मुभा आहे. बांधण्यात वर्षे घालवलेल्या माणसाचा उडवण्याचा हात बसलेला असतोच असे नाही, हे त्यामागचे कारण मला पटते. चढायचे आणि धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालायच्या. पुरेशी उंची आली की वेग हळूहळू कमी करत पंख उचल सोडण्याच्या बेताला, म्हणजे स्टॉलजवळ, न्यायचे आणि काट्यावरचा आकडा लक्षात ठेवायचा. त्याला १.३ने गुणले की उतरण्याचा वेग मिळतो. काट्यावर ५० नॉटला विमान ढेपाळले तर ६५ने उतरायचे. काटा खोटे बोलत असेल तरी हरकत नाही, कारण दोन्ही वेळा तो जवळपास सारखेच खोटे बोलतो.

खरी मशागत इथून पुढे. पहिल्या उड्डाणाहून परतलेल्या वैमानिकाची तक्रार बहुधा एकच असते: उजवा पंख जड आहे, किंवा डावा. हाताने बांधलेल्या दोन पंखांत केसाइतका फरक राहतोच. आधी रडर तपासायचा, कारण विमान तिरके सरकत असेल तर पंखही जड वाटतो. सरकणे दाखवणारी काचेतली गोळी मधोमध यायला हवी. त्यानंतरही पंख झुकत असेल तर एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या हलत्या फळीच्या, मागच्या धारेला लहानशी पत्र्याची पट्टी लावून ती किंचित वाकवायची, किंवा काही विमानांत दुसऱ्या बाजूच्या एलेरॉनची धार पकडीत धरून अगदी नावाला दाबायची. परत उडायचे, परत उतरायचे, परत दाबायची. जास्त दाबली गेली तर उलटे काम दुप्पट कठीण.

इंजिनाची गोष्ट उलटी. नव्या मोटारसायकलप्रमाणे ते सांभाळून, हळू चालवले तर बिघडते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसाव्यात म्हणून सुरुवातीला साधे खनिज तेल घालून बरीच ताकद लावत उडावे लागते, तेलाचा खप स्थिरावेपर्यंत. पण ताकद म्हणजे उष्णता. लायकमिंगच्या इंजिनांत सिलिंडरच्या माथ्याचे तापमान २६० अंश सेल्सिअस ही शेवटची हद्द, आणि शहाणा माणूस तिच्या बराच खाली राहतो. एखादेच सिलिंडर तापत असेल तर दोष बहुतेक वेळा इंजिनाचा नसतो; काऊलिंगच्या, म्हणजे इंजिनाच्या आवरणाच्या, आतल्या रबरी पट्टीला कुठे तरी फट राहिलेली असते आणि थंड हवा सिलिंडरला बगल देऊन निघून जाते.

वेगदर्शक काट्याचा खोटेपणाही कधीतरी पकडावाच लागतो. त्यासाठी जीपीएस घेऊन, एकच वेग धरून चार दिशांना उडतात. वारा एकीकडे ढकलतो, दुसरीकडे अडवतो. चारही आकड्यांची सरासरी काढली की वारा जवळजवळ वजा होतो. आकडा जुळला नाही, तर बहुतेकदा बाहेरचा दाब घेणारे छिद्र चुकीच्या जागी असते. सर्वांत शेवटी, टप्प्याटप्प्याने, कमाल वेग. तिथे पंख किंवा शेपटीचे भाग थरथरू लागले तर काही क्षणांत तुटू शकतात, म्हणून प्रत्येक पायरीवर दांडीला हलका टोला देऊन थरथर लगेच मरते का हे बघतात. अमेरिकेत या साऱ्याला सहसा किमान २५ तास ठेवतात, इंजिन-पंख्याची जोडी प्रमाणित नसेल तर ४०, आणि तोवर प्रवासी बसवायचा नाही.

आता तळपदे. १८९५मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, ही कथा दर दिवाळीला कुठल्या तरी अंकात येतेच. ज्या ग्रंथाशी ती जोडतात त्या वैमानिकशास्त्रातली विमाने उडू शकत नाहीत, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४मध्ये गणिताने दाखवले. मला मात्र त्याहून साधी गोष्ट खटकते. कथेत वजन नाही, वेग नाही, पहिल्यानंतरचे दुसरे उड्डाण नाही. कोल्हापूरजवळचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गोटिंगेनला प्रांट्ल या शास्त्रज्ञाकडे शिकून आले आणि त्यांचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१मध्ये बंगळुरूत उडाले, मग शेकड्याहून अधिक संख्येने बनले. तळपद्यांवर निघाला तसा त्यांच्यावर चित्रपट निघालेला नाही.

व्यावसायिक मंडळींनाही या कामात सवलत नसते. राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या 'सारस'चा दुसरा नमुना ६ मार्च २००९ रोजी बंगळुरूजवळ बिडदीला कोसळला, तो हवेत इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या चाचणीत; वायुदलाचे तिघे गेले. त्याच प्रयोगशाळेचे दोन आसनी 'हंसा-एनजी' ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम उडाले, आणि फेब्रुवारी २०२२मध्ये ते बंगळुरूहून पुदुच्चेरीला नेले, केवळ समुद्रसपाटीच्या दाट हवेत ते कसे वागते हे पाहायला. बंगळुरू नऊशे मीटर उंचीवर; तिथले आकडे किनाऱ्याला लागू पडत नाहीत.

किनाऱ्याची ती हवा कोकणात फुकट आहे. पावसाळ्यात चाचणीचा विचारच नको. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आकाश स्वच्छ असते, सकाळी नऊ-दहापर्यंत वारा पडलेला असतो, मग समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो आणि रत्नागिरीतले नारळ हलू लागतात. त्याआधी उतरलेले बरे.