सदनिका आपली, जमीन कोणाची?

मुंबई-पुण्याकडील सदनिकाधारक मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवितो, कर्जाचे हप्ते फेडतो, आणि तरीही इमारतीखालच्या भूखंडाची मिळकत पत्रिका काढून पाहावी, तर तीवर पुष्कळदा मूळ जमीनमालकाचेच नाव कायम असते. 1963 च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियमान्वये, गृहनिर्माण संस्था नोंदली गेल्यावर सर्वसाधारणपणे चार महिन्यांच्या आत जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण तिच्या नावे करून देणे प्रवर्तकावर बंधनकारक आहे. परंतु वाढीव चटई क्षेत्र निर्देशांकाचा, म्हणजे त्याच भूखंडावर अधिक बांधकाम करण्याच्या मुभेचा, लाभ ज्याच्या नावे जमीन त्याच्याच पदरात पडतो, आणि अभिहस्तांतरणाचे दस्त वर्षानुवर्षे रखडण्याचे मूळ, माझ्या मते, या लोभातच आहे. 2008 च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची वाट मोकळी झाली: प्रवर्तक टाळाटाळ करीत असल्यास संस्थेने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा, त्याने उभय पक्षांचे म्हणणे ऐकून प्रमाणपत्र द्यावे, आणि मग दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवून मिळकत पत्रिकेवर फेरफार घ्यावा. अर्जासोबत सदनिकांच्या करारनाम्यांचे ‘इंडेक्स टू’ या नोंदणी सूचीचे उतारे जोडावे लागतात. जुन्या सभासदांच्या कपाटांतून हे कागद जमवितानाच कित्येक कार्यकारी समित्या थकून जातात.