कमरेला पिस्तूल, भर बाजारात

टेक्सासमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे राहून आलेले आईवडील तिथल्या गप्पा सांगताना पुष्कळदा एका दृश्यापाशी थबकतात. किराणा दुकानाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेला पिस्तूल होतं. अंगावर पोलिसाचा गणवेश नव्हता आणि आजूबाजूचं कुणी त्याच्याकडे वळूनही पाहत नव्हतं.

हे तिथे कायदेशीर आहे. १ जानेवारी २०१६ पासून टेक्सासमध्ये परवानाधारकाला पिस्तूल लोकांना दिसेल असं बाळगता येऊ लागलं. ते खांद्याच्या किंवा पट्ट्याच्या होल्स्टरमध्ये असावं, अशी अट होती. १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याची गरज संपली. कायद्याने अपात्र न ठरलेला, एकवीस वर्षं पूर्ण झालेला माणूस आता परवान्याशिवाय पिस्तूल लावून हिंडू शकतो. होल्स्टरची अट तेवढी टिकली, पण तीही सैल झाली. ते खांद्याचं की पट्ट्याचं हे आता कायदा विचारत नाही, आणि ते कशा प्रतीचं असावं हे त्याने कधीच विचारलेलं नव्हतं. मला बोलायचं आहे ते याबद्दलच. बंदुकीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही पिस्तुलाच्या हक्कावर तावातावाने भांडतात. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाची सुरक्षितता मात्र पुष्कळ अंशी त्या कातड्याच्या किंवा प्लास्टिकच्या कवचावर अवलंबून असते.

आपल्या मनातला पिस्तूलधारी अमेरिकन सिनेमातून आलेला आहे. मांडीपर्यंत लोंबणारा पट्टा, क्षणात बाहेर येणारं रिव्हॉल्व्हर. पडद्यावरच्या त्या झटपट होल्स्टरला आतून धातूचं अस्तर देण्याची करामत हॉलिवूडमधल्या आर्व्हो ओयाला यांनी १९५०च्या दशकात लोकप्रिय केली. खऱ्या गुराख्याचं होल्स्टर कमरेवर उंच आणि चांगलं खोल असे, कारण घोडा दौडताना रिव्हॉल्व्हर पडू नये ही त्याची पहिली गरज होती. शिवाय त्या काळातल्या कित्येक गावांत शस्त्र घेऊन फिरायलाच बंदी होती. १८७०च्या दशकातल्या डॉज सिटीच्या एका छायाचित्रात रस्त्यावरचा बंदीचा फलक स्पष्ट दिसतो. ॲरिझोनातल्या टूमस्टोनमध्येही असाच नियम होता. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी मार्शल व्हर्जिल अर्प आपले भाऊ आणि डॉक हॉलिडे यांना घेऊन निघाला, तो या नियमाप्रमाणे काउबॉयांची शस्त्रं काढून घ्यायला. त्यातून ओके कोरालची ती प्रसिद्ध चकमक झडली.

शस्त्र उघडपणे कोण बाळगतं, यावरही कायद्याचा सूर बदललेला आहे. ओकलंडमधल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक १९६७ मध्ये भरलेल्या बंदुका दिसतील अशा घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले. त्या वर्षी मे महिन्यात ते सॅक्रॅमेंटोच्या विधिमंडळ इमारतीत सशस्त्र शिरले आणि लवकरच कॅलिफोर्नियात भरलेलं शस्त्र घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरण्यावर बंदी आली. कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. पुढे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याचा हक्क घराबाहेरही मान्य केला. तरीही उघड की झाकून, परवाना घेऊन की न घेता, याची उत्तरं राज्यागणिक वेगळी आहेत.

होल्स्टर नसलं तर काय होतं, याचं उदाहरण प्लॅक्सिको बरेस या नामवंत अमेरिकन फुटबॉलपटूचं आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याने न्यूयॉर्क जायंट्सना सुपर बोल जिंकून देणारा चेंडू झेलला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो मॅनहॅटनच्या एका नाइट क्लबमध्ये ग्लॉक पिस्तूल नुसतं पँटच्या इलॅस्टिकमध्ये खोचून गेला. ते घसरलं, त्याने सावरायला हात घातला आणि गोळी त्याच्याच मांडीत शिरली. बेकायदा शस्त्र बाळगल्याच्या प्रकरणात त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

ग्लॉकसारख्या पिस्तुलाला बाहेरून लावायचा वेगळा सेफ्टी खटका सहसा नसतो, चाप दाबला की गोळी सुटते. म्हणून होल्स्टरचं पहिलं काम म्हणजे चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकणं. हे कवच इतकं कडक हवं की बाहेरून दाबूनही चाप हलू नये. कायडेक्स हे तापवून पिस्तुलाच्या आकारात बसवता येणारं प्लास्टिक त्यासाठीच आवडतं झालं. चांगलं कातडंही उत्तम चालतं, पण जुनं होऊन त्याची कड आत मुडपली, तर पिस्तूल परत ठेवताना तीच कड चापावर दाब देऊ शकते. परत ठेवण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा असतो. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी आत अडकते आणि घाईत माणूस जोर लावतो. तोंड उघडं राहणारं होल्स्टर, नजर खाली आणि सावकाश हात, हे प्रशिक्षक पुन्हा पुन्हा बजावतात. स्वस्त, सैल, कुठल्याही पिस्तुलाला चालणाऱ्या नायलॉनच्या पिशवीत यातलं काहीच साधत नाही. भरलेलं पिस्तूल किलोच्या आसपास भरतं, म्हणून पट्टाही ताठ लागतो. नेहमीच्या पट्ट्यावर होल्स्टर झुकतं, फिरतं.

पिस्तूल झाकलेलं असेल तर एवढं पुरतं. उघडं असेल तर दुसरा धोका उभा राहतो, तो म्हणजे दुसऱ्याचा हात. ऑरेगॉनमधल्या ग्रेशम गावी २०१४ मध्ये एका तरुणाने नुकतंच घेतलेलं पिस्तूल उघडपणे लावलं होतं. रस्त्यात भेटलेल्या माणसाने स्वतःचं पिस्तूल रोखून तेच हिसकावून नेलं. शस्त्र दिसल्याने हल्लेखोर बिचकतो, असा उघड बाळगण्याच्या बाजूचा दावा असतो. काही वेळा तसं होतही असेल. पण हल्लेखोराला आधी कुणाकडे वळायचं हेही त्यातून कळतं, आणि हा तोटा मला जास्त वजनदार वाटतो. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. रांगेत मागे उभा असलेला माणूस तर दोन फुटांवर असतो.

पोलिसांना हा धोका फार आधीपासून ठाऊक आहे. एफबीआयमध्ये काम केलेले बिल रॉजर्स यांनी १९७०च्या दशकात होल्स्टरची एक परीक्षा बसवली. दुसऱ्याने मूठ धरून सर्व बाजूंनी, सगळ्या ताकदीने पाच सेकंद ओढायचं. पिस्तूल आत राहिलं पाहिजे आणि होल्स्टर पट्ट्यावरून उखडता कामा नये. यातूनच अडवणुकीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पातळीची भाषा आली. अंगठ्याने दाबायची कळ आणि वर फिरणारी टोपी असे अडसर एकापाठोपाठ काढल्याशिवाय पिस्तूल निघत नाही. दुर्दैवाने सगळे उत्पादक या पातळ्या सारख्या मोजत नाहीत, त्यामुळे डब्यावरच्या आकड्यावर विसंबता येत नाही. तर्जनीने कळ दाबायची रचनाही बाजारात आहे. दाबलेलं ते बोट पुढे सरळ चापावर घसरू शकतं, म्हणून काही प्रशिक्षण संस्थांनी ती नाकारली.

उघड शस्त्राने पोलिसांचाही गोंधळ उडतो. टेक्सासमधल्याच डॅलसमध्ये ७ जुलै २०१६ रोजी मोर्चावेळी पाच पोलिसांची हत्या झाली, तेव्हा मोर्चात कायद्याने रायफली बाळगणारे लोकही होते. त्यातल्या एका निर्दोष माणसाचा फोटो संशयित म्हणून प्रसृत झाला. गोळीबार सुरू असताना कोण शत्रू आणि कोण नागरिक, हे ओळखणं किती कठीण होतं, ते पोलीस प्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी नंतर बोलून दाखवलं.

टेक्सासमधल्या मराठी घरांना रोज उपयोगी पडतं ते दारावरच्या फलकांचं ज्ञान. परवानाधारकाचंही उघड पिस्तूल नको असेल तर दुकानमालक कलम ३०.०७ चा इंग्रजी-स्पॅनिश फलक लावतो, आणि त्यातली अक्षरं किमान एक इंच उंच असावी लागतात. मुख्य धंदा दारू पाजण्याचा असलेल्या ठिकाणी लाल ५१ टक्क्यांचा फलक असतो. वॉलमार्टने एल पासोच्या आपल्या दुकानात झालेल्या हत्याकांडानंतर २०१९ मध्ये ग्राहकांना उघड शस्त्र न आणण्याची विनंती केली. स्टारबक्सने तशीच विनंती २०१३ मध्ये केली होती.

भारतात शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारकालाही पिस्तूल अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये, झाकून आणि ताब्यात ठेवावं लागतं. टेक्सासने उघड बाळगायला मुभा दिली आहे, तर निदान हिसकावता न येणारं होल्स्टर आणि ते वापरण्याचं शिक्षण सक्तीचं करायला हवं होतं. घडलं उलट. परवान्यासाठी जो चार ते सहा तासांचा वर्ग करावा लागे, तोही आता परवाना न घेणाऱ्याला टाळता येतो.