आडवाटेची इंजिने आणि शेजाऱ्यांचे कान

मे १९९७. लास वेगासमध्ये अमेरिकेच्या सुपरक्रॉस मोसमाची अखेरची फेरी. डग हेन्रीने त्या रात्री चालवलेली मोटरसायकल कुठल्याही दुकानात मिळत नव्हती. ती यामाहाची प्रायोगिक गाडी होती, वायझेडएम ४०० एफ, आणि तिचे इंजिन फोर-स्ट्रोक होते. मातीच्या शर्यतींत, म्हणजे मोटोक्रॉसमध्ये, तोवर तीसेक वर्षे टू-स्ट्रोकची सत्ता होती. जेफ स्मिथने बीएसएच्या फोर-स्ट्रोकवर १९६४ आणि १९६५ साली ५०० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. १९६६ साली पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीड्रिक्सने चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड टू-स्ट्रोकवर ते हिसकावले, आणि जड फोर-स्ट्रोक हळूहळू मागे पडत गेले. हेन्रीने लास वेगास जिंकले आणि चक्र उलटे फिरू लागले. १९९८ साली वायझेड ४०० एफ विक्रीला आली. त्याच वर्षी हेन्रीने तिच्यावर खुल्या मैदानातले राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळवले. पुढे २५० सीसी टू-स्ट्रोकच्या समोर ४५० सीसी फोर-स्ट्रोक हे समीकरण नियमांत रुळले. होंडाने २००७ नंतर टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या बनवणेच थांबवले.

या बदलाकडे धुराच्या आणि वेगाच्या अंगाने पुष्कळांनी पाहिले आहे. मला त्याकडे कानाच्या अंगाने पाहायचे आहे. कारण जवळपास त्याच काळात, त्याच देशात, आडवाटेवरच्या दुसऱ्या एका वाहनाने हाच बदल केला आणि त्याचा परिणाम अगदी उलटा झाला. मोटोक्रॉसच्या मैदानांवर फोर-स्ट्रोक आल्यावर शेजारच्या वस्त्यांची तक्रार वाढली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या बर्फात फोर-स्ट्रोक स्नोमोबिल आल्यावर जंगल पूर्वीपेक्षा शांत झाले. दोन्हीकडे बदल एकच असताना असे का व्हावे?

आधी इंजिनाचे गणित पाहू. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एक. २५० सीसीचे टू-स्ट्रोक मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे १३३ स्फोट होतात. ४५० सीसीचे एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक ९,००० फेरे घेतानाही ७५ स्फोटांवरच थांबते. म्हणजे दोघांच्या मूळ सुरांत सप्तकाहून थोडे कमी अंतर आहे. शिवाय फोर-स्ट्रोकचा एकेक स्फोट मोठा. सिलिंडर जवळजवळ दुप्पट, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आत बराच दाब शिल्लक असतो. तो धक्का सरळ पाइपातून सायलेन्सरवर आदळतो.

टू-स्ट्रोकच्या वाटेत मात्र एक विलक्षण अडथळा आहे. मधे फुगलेला, शेवटी निमुळता होणारा तो पत्र्याचा पाइप, ज्याला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेनने पन्नासच्या दशकात त्याला शास्त्रशुद्ध रूप दिले. धुराबरोबर निघालेली दाबलहर रुंदावणाऱ्या शंकूत पोचली की उलटी ओढ निर्माण होते आणि ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये खेचले जाते. पुढच्या निमुळत्या शंकूवरून परतलेली लहर बाहेर निसटलेले मिश्रण पुन्हा आत ढकलते. आवाजाची लाटच इथे पंपाचे काम करते, आणि या कल्पनेची सुंदरता मला आजही थक्क करते. काडेनचाच स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला, सुझुकीत दाखल झाला, आणि १९६२ साली सुझुकीने ५० सीसीचे जागतिक विजेतेपद त्याच्याच हातून मिळवले. जपानी टू-स्ट्रोकच्या भरभराटीत या पलायनाचा वाटा मोठा आहे.

या चेंबरचा आवाजावर दुहेरी परिणाम होतो. शेवटची नळी बारीक असल्याने दाबाचा धक्का बाहेर पडण्याआधीच बराच मऊ होतो. पण चेंबरचा पातळ पत्रा स्वतः थरथरतो आणि वरच्या पट्टीतली ती ओळखीची किणकिण हवेत फेकतो. आपल्याकडे १९८५पासून धावलेल्या यामाहा आरएक्स १००चा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही चिरणारी धार वेगळी सांगायला नको. जवळ उभे राहणाऱ्याच्या कानाला ती जास्त बोचते. दूरच्या माणसाचे तसे नाही.

गणपतीच्या मिरवणुकीत ताशा आपल्या गल्लीत येईपर्यंत कळत नाही, ढोल मात्र चार गल्ल्या आधी छातीत वाजतो. मोटोक्रॉसच्या मैदानाबाहेर नेमके हेच घडते. उंच पट्टीचे आवाज हवेत आणि झाडोऱ्यात लवकर विरतात. खालच्या पट्टीचे टिकतात. ७५ हर्ट्झची लहर सुमारे साडेचार मीटर लांबीची असते, त्यामुळे मैदानाकडेला घातलेला दोन-तीन मीटरचा मातीचा बांध ती सहज वळसा घालून ओलांडते. टू-स्ट्रोकच्या सुरातल्या वरच्या भागाला तोच बांध चांगलाच अडवतो. म्हणून मैदानात कान झाकून घ्यावेसे वाटणारे टू-स्ट्रोक दोन किलोमीटरवरच्या घरात जेमतेम ऐकू येते, आणि मैदानात सुसह्य वाटणारी फोर-स्ट्रोकची धडधड त्या घराच्या बंद खिडकीतून आत शिरते.

यावर मोजमापाने आणखी पडदा टाकला. डेसिबल मीटर बहुधा ‘ए’ भारांकनावर लावलेला असतो. मंद आवाजाला माणसाचा कान जसा प्रतिसाद देतो, त्याच्याशी ते भारांकन जुळवलेले आहे. त्यात १२५ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १६ डेसिबल वजा होतात आणि ६३ हर्ट्झच्या आवाजातून तब्बल २६. म्हणजे ज्या खर्जाबद्दल शेजारी तक्रार करतो, तोच मीटर सगळ्यात कमी मोजतो. कॅलिफोर्नियाने २००३पासून आडवाटेच्या गाड्यांना ९६ डेसिबलची मर्यादा घातली, १९८६पूर्वीच्या गाड्यांना १०१. मोजणी एक्झॉस्टच्या टोकापासून २० इंचांवर, उभ्या गाडीवर. चाचणी सोपी आहे, रानात उभ्या पहारेकऱ्याला करता येते, हा तिचा मोठा गुण. पण दोन्ही इंजिने या चाचणीत ९६ वर आली तरी दोन किलोमीटरवर ती सारखी ऐकू येत नाहीत. शिवाय उभ्या गाडीवर ठरावीक फेऱ्यांना केलेली चाचणी शर्यतीतल्या गाडीबद्दल फार काही सांगत नाही. ही त्रुटी ओळखूनच एफआयएमने, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, दोन मीटर अंतरावरून पिकअप झटकन पूर्ण ओढून जो सर्वोच्च आवाज येईल तो मोजण्याची पद्धत आणली. ती मला जास्त प्रामाणिक वाटते.

सुरुवातीच्या फाटकावर चाळीस गाड्या एकदम सुटतात, याचाही हिशेब करावा लागतो. सारख्या आवाजाच्या दोन गाड्यांनी ३ डेसिबल वाढतात, चाळिसांनी १६. ब्रिटनमध्ये वेगळ्या परवानगीशिवाय एखाद्या शेतावर वर्षाला १४च दिवस मोटर शर्यती घेता येतात. शेजाऱ्याला दिवस मोजता येतात, डेसिबल नाही, हे त्या नियमामागचे शहाणपण आहे.

आता यलोस्टोन. उद्यानात १९५५ साली पर्यटकांच्या स्नोकोच, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या बंद प्रवासी गाड्या आल्या, १९६३ साली पहिल्या स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरच्या मोटरसायकलीसारख्या गाड्या. नव्वदच्या दशकात हिवाळ्यात दिवसाला सरासरी आठशेच्या आसपास स्नोमोबिल आत शिरत, बहुतेक सगळ्या टू-स्ट्रोक. पश्चिम दरवाजावर थंड हवेत निळा धूर इतका साचे की तिकीट देणाऱ्या रेंजरांच्या खोल्यांत ताजी हवा पंपाने सोडावी लागली, आणि पुढे त्यांना श्वसनाचे मुखवटेही दिले गेले. बंदी घालायची की नाही यावर न्यायालयात वर्षानुवर्षे भांडण चालले. अखेर उद्यानाने अट घातली की उपलब्ध यंत्रांपैकी सर्वांत स्वच्छ आणि शांत यंत्रेच आत येतील. राष्ट्रीय उद्यानांत १९७५नंतरच्या स्नोमोबिलला ५० फुटांवर ७८ डेसिबलची मुभा होती. नव्या अटीने ती ७३ वर आणली. आर्क्टिक कॅट आणि पोलारिस यांनी २००२च्या सुमारास आणलेल्या फोर-स्ट्रोक स्नोमोबिल त्या अटीत बसल्या.

त्या शांत का होत्या, याचे उत्तर इंजिनाच्या फेऱ्यांत पूर्ण सापडत नाही. ती पर्यटकांना आरामात फिरवण्यासाठी बांधलेली यंत्रे होती. ताकद माफक, फेरे कमी, सायलेन्सर मोठा आणि इंजिनाभोवती आवरण. सायलेन्सरचा आकार किंवा वजन वाढले म्हणून शर्यत हरण्याची भीती कोणाला नव्हती. मोटोक्रॉसच्या गाडीत प्रत्येक ग्रॅम मोजला जातो, आणि वजनाची पहिली कुऱ्हाड सायलेन्सरवरच पडते. माझ्या मते दोन्ही कहाण्यांतला खरा फरक इथे आहे. स्ट्रोक किती, यापेक्षा यंत्र कोणासाठी आणि कोणत्या अटीवर बांधले, यावर आवाज ठरतो. अमेरिकेत २००० साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वच्छ स्नोमोबिलची स्पर्धा सुरू झाली. तिथे आधी फोर-स्ट्रोक गाजले, पण पुढे थेट इंधन फवारणारे टू-स्ट्रोकही अव्वल ठरले.

यलोस्टोनच्या शांततेचे सगळे श्रेय यंत्राला देणेही चूक ठरेल. मार्गदर्शकाशिवाय प्रवेश बंद झाला, गाड्या गटाने जाऊ लागल्या, आणि २००९ साली रोजची मर्यादा ३१८ वर आली. उद्यानाचे ध्वनितज्ज्ञ आवाज किती मोठा याबरोबरच दिवसाचा किती वेळ तो ऐकू येतो हेही मोजत. दहा गाड्या एकामागोमाग गेल्या तर जंगलाला पुन्हा मोकळा वेळ मिळतो, त्याच दहा सुट्या गेल्या तर मिळत नाही. जुन्या स्नोकोच तर कधीकधी स्नोमोबिलपेक्षाही गोंगाट करत, हेही याच मोजण्यांतून पुढे आले.

आपल्या जिप्सीचा वंशही या कथेत येतो. सुझुकीची १९७०ची एलजे १० ही छोटी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी ३५९ सीसीच्या हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकवर चाले. १९७७च्या एलजे ८०ला फोर-स्ट्रोक इंजिन मिळाले, आणि त्याच वंशातून १९८५ साली मारुती जिप्सी भारतात आली. ताडोबात वाघ पाहायला जाणारा मराठी माणूस याच गाडीत बसतो. इंजिन बंद केल्यावर वानराचा आणि सांबराचा इशारा ऐकू येतो, म्हणून वाटाडे ते बंद करायला लावतात. हा आवाजाचा सगळ्यात स्वस्त नियम आहे, आणि तो पाळणारे वाटाडे मला फार मोलाचे वाटतात.

टू-स्ट्रोक संपलेले नाही. ऑस्ट्रियाच्या एर्झबर्गसारख्या खडतर एंड्युरो शर्यतींत ३०० सीसीच्या हलक्या टू-स्ट्रोकना आजही तोड नाही. केटीएमने २०१८च्या मॉडेलांपासून त्यांना इंधन फवारणी दिली. याच केटीएममध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ साली भागीदारी घेतली, आणि केटीएमच्या लहान फोर-स्ट्रोक गाड्या चाकणला बनू लागल्या. दोन्ही जातींच्या सायलेन्सरची निगा मात्र वेगळी. टू-स्ट्रोकचे तेल आतल्या काचलोकरीत मुरते आणि ती चिकट होते, फोर-स्ट्रोकच्या उष्णतेने ती जळून उडून जाते. जुन्या गॅरेजांत टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आगीत धरून कार्बन जाळत, तो याच तेलाचा. लोकर वेळेवर बदलली नाही तर कंपनीतून शांत निघालेली गाडी एका मोसमात बोंबलू लागते.

महाराष्ट्रात हा खेळ वाढतो आहे. २०२४च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीला झाली. शर्यतीच्या गाड्या रस्त्यावर नोंदवलेल्या नसतात, त्यामुळे रस्त्यावरच्या वाहनांना लागणारी ध्वनिचाचणी त्यांना लागत नाही. उरतो २०००चा ध्वनिप्रदूषण नियम: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५, आणि तोही ‘ए’ भारांकनावर. आयोजकांकडे माझे एकच मागणे आहे. मीटर फाटकाजवळ न ठेवता सगळ्यात जवळच्या घराच्या अंगणात ठेवा, आणि ‘ए’बरोबर ‘सी’ भारांकनाचाही आकडा नोंदवा. ‘सी’मध्ये ६३ हर्ट्झच्या आवाजातून एक डेसिबलही वजा होत नाही.