डोक्यात बसलेले दहा हजार

2023 च्या उन्हाळ्यात वऱ्हाड-खानदेशातल्या कित्येक घरांत कापूस आत होता आणि माणसं ओसरीवर. भाव वाढेल या आशेनं खोलीत रचलेली गंजी छताला टेकलेली. कापसात किडे झाले, लेकरांना खाज सुटली, अंगावर पुरळ उठलं. तरी विकायला मन धजत नव्हतं. मलकापूर याच पट्ट्यातलं कापसाचं गाव.

आता आकडे बघू. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2020-21 ला क्विंटलमागे 5825 रुपये होता. पुढच्या हंगामात तो 6025 झाला आणि बाजारानं चक्क दहा हजार ओलांडले. 2022-23 ला हमीभाव 6380 होता, बाजार मात्र बराच काळ सात-आठ हजारांत घुटमळला. हाच आठ हजारांचा भाव 2020 मध्ये मिळाला असता तर गावात पेढे वाटले असते. 2023 मध्ये त्याच भावाला घरात सुतक आलं.

डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं ते नेमकं हेच. माणूस मिळालेली रक्कम शून्यापासून मोजत नाही. मनात एक खुंटी ठोकलेली असते, तिथून मोजतो. खुंटीच्या वर गेलं तर आनंद, खाली आलं तर दुःख. आणि दुःखाचं पारडं जास्त जड. त्यांचं दुसरं निरीक्षण शेतकऱ्याच्या जास्त कामाचं आहे: तोटा समोर दिसला की एरवी सावध असणारा माणूसही जुगार खेळायला तयार होतो. ठरावीक नुकसान पत्करण्यापेक्षा ‘थांबून तर बघू’ हे बरं वाटतं. छताला टेकलेली गंजी म्हणजे हाच जुगार.

अर्थात सगळं खापर मनावर फोडणं मला पटत नाही. खत, फवारणी, वेचणीची मजुरी खरोखरच वाढली होती. रागाला कारण होतंच. पण तो राग किती आणि कधी उसळेल, ते खुंटी ठरवत होती.

मेंदूत हे कसं घडतं? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फराम शुल्ट्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत फळांचा रस अचानक मिळाला की डोपामीन या मेंदूतल्या रसायनाच्या पेशी भराभर संदेश सोडत. रसाआधी दर वेळी दिवा लागतो हे माकडाला कळलं, की पेशी दिव्यालाच उसळत आणि प्रत्यक्ष रसाला गप्प राहत. दिवा लागूनही रस आला नाही तर नेमक्या त्या क्षणी त्यांचा नेहमीचा ठोकाही मंदावे. आपल्याकडे दिव्याचं काम व्हॉट्सअॅपवरचा ‘कापूस वाढणार’ हा मेसेज करतो. मेसेज आला तेव्हा आनंद उपभोगून झाला. नंतर उरली ती फक्त वाट.

त्यात शरीराची भर. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 मध्येच म्हटलं होतं की आधी छाती धडधडते, मग भीती जाणवते. आजचे संशोधक त्यात दुरुस्ती करतात: मेंदू शरीराची खबर घेतो आणि जुन्या अनुभवांवरून तिला अर्थ लावतो. मलकापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, रात्री झोप नाही, अंगाला खाज. इतकं बेचैन शरीर कारण शोधतंच. कधी ते व्यापाऱ्यात सापडतं, कधी घरच्या बाईच्या एखाद्या साध्या प्रश्नात. भांडण भाजीच्या मिठावरून पेटतं, भावाचं नाव कोणी काढत नाही.

म्हणूनच नैराश्य दवाखान्यात येतं ते बहुधा वेगळ्या नावानं: डोकं दुखतं, हातपाय गळाले, झोप लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं, लोकांचं मन हलकं करायला लावलं. प्रकल्प सुरू होण्याआधी नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्केच लोक मदतीपर्यंत पोचले होते. दीड वर्षानं हे प्रमाण 27.2 टक्के झालं. सुधारणा मोठी आहे, पण चारातले जवळजवळ तिघे तरीही बाहेरच राहिले.

अशा बाहेर राहिलेल्यांसाठी सरकारची मानसिक मदतीची ‘टेली मानस’ सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत चालते. मराठीत बोलता येतं, आणि फोन करायला आजारी असावं लागत नाही.