गालिच्याच्या हातमागांत कोणती सुधारणा करावी?

भिवंडी म्हटलें कीं यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. पूर्वीं याच गांवीं हातमाग चालत. साध्या कापडांत वेग हेंच सर्वस्व असल्यामुळें यंत्रापुढें त्यांचा टिकाव लागला नाहीं. कर्ज काढून गालिच्याचा माग घेऊं इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंनीं हा धडा विसरूं नये, अशी आमची विनंती आहे.

१७३३ सालीं इंग्लंडांत जॉन के यानें धावता धोटा काढिला. दोरीच्या हिसक्यासरशी धोटा धावूं लागून रुंद कापडही एकटा विणकर विणूं लागला. पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंजीस तो उपयोगी पडतो. परंतु गांठीच्या गालिच्यांत प्रत्येक गांठ बोटांनींच मारावी लागते. तेथें धोट्यावर पैसा घालणें व्यर्थ होय.

मग यंत्राचें साह्य घ्यावें कोठें? ताण्यांत. बाण्यावर पंज्याचे ठोके बसतात. ताणा ढिला असल्यास गालिचा वांकडा होतो. म्हणून चौकट जड लांकडाची करावी, आणि वरखालच्या दोन्ही रुळांस दातेरी चाक व अटकण लावावी. वरचा रूळ सैल सोडून खालचा फिरविला कीं विणलेला भाग त्यावर गुंडाळला जातो, व तरफेनें ताणा पुन्हां सारखा ताणतां येतो. विणकरास आपली बैठक वर वर चढवावी लागत नाहीं. हें काम गांवचे सुतार-लोहारही करूं शकतात.

हाताचें कसब जेथें आहे, तेथें यंत्रानें हातास मदत करावी. वेगाची शर्यत आपण लावूं नये.